आधी ‘जैसे थे’, मग सुधारणा : हाताने सांभाळलेले सर्व्हर ऑटोमेशनवर आणताना

बहुतेक जुन्या सर्व्हरांची कहाणी सारखीच असते. कुणीतरी तो उभा केला. पुढच्या माणसाने गरजेपोटी दोन पॅकेजं टाकली, तिसऱ्याने रात्री अडचण आली म्हणून कर्नलचं एक सेटिंग वाढवलं, चौथ्याने क्रॉनमध्ये एक ओळ घातली आणि काही महिन्यांनी टीम सोडली. सर्व्हर चालतो आहे, चांगला चालतो आहे. पण उद्या त्याची डिस्क गेली तर हुबेहूब तसाच दुसरा उभा करता येईल का, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

लिनक्सवर हात बसलेला आहे, एसएसएचने आत शिरून फाइल बदलणं रोजचं आहे, पण ऑटोमेशनला, म्हणजे सर्व्हरची रचना कोडमध्ये लिहून ती टूलकडून राबवण्याला, अजून हात लावलेला नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे. सर्व्हर पाच असोत की पन्नास, क्रम बदलत नाही.

नवखी माणसं इथे बहुधा एकच चूक करतात. टूल शिकतात आणि लगेच सर्व्हर ‘कसा असायला हवा’ ते लिहायला घेतात. नीटनेटकं, आदर्श कॉन्फिगरेशन तयार होतं, ते चालत्या सर्व्हरवर सोडलं जातं आणि पाच वर्षांत साठलेली, कुठेही न नोंदवलेली, पण कुणाच्या तरी कामाची असलेली सेटिंग्ज एका झटक्यात पुसली जातात. दुसऱ्या दिवशी टीम ठरवते की ऑटोमेशन आपल्यासाठी नाही. म्हणून माझा आग्रह असा : पहिल्या टप्प्यात काहीही सुधारू नका. सर्व्हर आज जसा आहे, वाकडातिकडा, तसाच कोडमध्ये उतरवा. कोड चालवल्यावर टूलने ‘बदल शून्य’ असं सांगेपर्यंत तेवढंच करत राहा. सुधारणा त्यानंतर.

हे वेळखाऊ आहे, कंटाळवाणंही आहे. पण हाताने सांभाळलेल्या सर्व्हरांमध्ये किती धोका लपलेला असतो याचं एक उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. १ ऑगस्ट २०१२ पासून नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीला नवा प्रोग्राम आपल्या आठ सर्व्हरांवर वापरायचा होता. तो आधीच्या दिवसांत हाताने चढवला गेला आणि सातच सर्व्हरांवर पोहोचला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड तसाच होता आणि नव्या प्रोग्रामसाठी पुन्हा वापरात आणलेल्या एका फ्लॅगने, म्हणजे चालू-बंदच्या खुणेने, त्या दिवशी तो जागा केला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झालं. सर्व आठ सर्व्हर सारखे आहेत ना, हे दुसऱ्या कुणी तपासलं नव्हतं. ‘सगळे सर्व्हर सारखेच आहेत’ हे वाक्य ऐकलं की मी आता पुरावा मागतो.

पहिली पायरी : काय आहे ते शोधा

अर्ध्याहून अधिक मेहनत इथेच जाते आणि जायलाच हवी. टूल नंतरही शिकता येतं.

सुरुवात सर्व्हरांच्या यादीपासून करा. एका जागेवर विसंबू नका. व्हर्च्युअल मशीनच्या कन्सोलमधली यादी, डीएनएसमधल्या नोंदी, मॉनिटरिंगमधली यादी आणि बॅकअपमधली यादी शेजारी शेजारी ठेवा. त्या जुळत नाहीत असंच बहुधा दिसेल. मॉनिटरिंगमध्ये नसलेला पण चालू असलेला सर्व्हर हा या सगळ्या खटाटोपातला पहिला लाभ.

मग प्रत्येक सर्व्हरच्या आत जा. आधी पॅकेजं बघा. डेबियन किंवा उबुंटूवर ‘एपीटी-मार्क’ला ‘शोमॅन्युअल’ विचारलं की दुसऱ्या पॅकेजचं ओझं म्हणून न आलेली, मुद्दाम टाकलेली पॅकेजं दिसतात. इन्स्टॉलरने टाकलेलीही त्यात मिसळलेली असतात, तेवढी वेगळी काढा. रेड हॅटच्या कुळातल्या वितरणांवर ‘डीएनएफ रिपोक्वेरी’ला ‘युजरइन्स्टॉल्ड’ हा पर्याय द्या.

त्यानंतरची पायरी नवख्यांना सहसा माहीत नसते, आणि तीच सर्वांत जास्त वेळ वाचवते. पॅकेजसोबत आलेली कोणती फाइल नंतर बदलली गेली हे पॅकेज मॅनेजरच सांगू शकतो. ‘आरपीएम’ आणि ‘डीपीकेजी’ दोन्हींना व्हेरिफायचा पर्याय आहे. ते प्रत्येक बदललेल्या फाइलची एक ओळ छापतात. ओळीत ‘५’ हा आकडा असला तर फाइलचा मजकूर बदललेला आहे, आणि ‘सी’ असलं तर ती कॉन्फिगरेशनची फाइल आहे. हजारो फाइलींतून बघायच्या पंधरा-वीस फाइली हाती लागतात. मात्र कुणी स्वतः नवीन तयार केलेल्या फाइली इथे दिसत नाहीत, कारण पॅकेज मॅनेजरला त्यांची खबरच नसते. त्यांच्यासाठी ईटीसीमधल्या ज्या फाइली कुठल्याच पॅकेजच्या नाहीत त्या वेगळ्या काढा, आणि ‘ऑप्ट’ व ‘युएसआर-लोकल’ हे दोन कोपरे डोळ्यांनी बघा. हाताने कंपाइल केलेलं सॉफ्टवेअर तिथेच सापडतं.

सेवांच्या बाबतीत ‘चालू आहे’ आणि ‘बूटच्या वेळी सुरू होणार आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिस्टिमडीमध्ये दोन्ही याद्या काढून ताडून बघा. चालू आहे पण एनेबल केलेली नाही अशी सेवा सापडली, तर पुढच्या रीबूटला ती परत येणार नाही. मूळ युनिट फाइलवर कुणी वरून काही चढवलंय का हे ‘सिस्टिमडी-डेल्टा’ दाखवतं. ऐकणारे पोर्ट ‘एसएस’ने काढा आणि प्रत्येक पोर्टमागची प्रक्रिया कोणती ते लिहा.

क्रॉन सर्वांत दगाबाज. एकाच सर्व्हरवर क्रॉनची कामं ईटीसीतल्या मुख्य फाइलमध्ये, ‘क्रॉन डॉट डी’ फोल्डरमध्ये, रोजच्या-आठवड्याच्या फोल्डरांमध्ये आणि प्रत्येक युजरच्या स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये असू शकतात, शिवाय सिस्टिमडीचे टायमर वेगळेच. सगळ्या युजरांचे क्रॉनटॅब बघा. सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाखाली बॅकअप चालत असतो, आणि त्याचं खातं ‘साफसफाई’ म्हणून काढलं की बॅकअपही थांबतो.

आता डिस्कवर लिहिलेलं आणि प्रत्यक्ष चालू असलेलं यांतला फरक. कर्नलचं सेटिंग कुणी थेट ‘सिसकंट्रोल’ने बदललं आणि फाइलमध्ये लिहिलं नाही, तर ते चालू आहे पण रीबूटला उडणार आहे. फायरवॉलचे नियम, रूट, माउंट यांचंही तसंच. उलटंही घडतं : फाइल आठ महिन्यांपूर्वी बदलली, पण सेवा त्याआधीपासून रीस्टार्टच झालेली नाही. म्हणजे फाइलमधलं कॉन्फिगरेशन कधी वापरलंच गेलेलं नाही. प्रक्रिया कधी सुरू झाली आणि तिची फाइल कधी बदलली, या दोन वेळा शेजारी लिहा. फाइल नंतरची असेल तर त्या सेवेपुढे लाल खूण करा. ती रीस्टार्ट करण्याआधी विचार करावा लागणार आहे.

एसएसएचच्या सर्व्हरबाबत एक खास इशारा. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये एकच सेटिंग दोनदा आलं तर पहिलं ग्राह्य धरलं जातं, नंतरचं नाही. त्यामुळे फाइलच्या तळाशी ‘रूट लॉगिन बंद’ अशी ओळ लिहून निर्धास्त झालेल्यांच्या सर्व्हरवर रूट लॉगिन चालूच असू शकतं. फाइल वाचून अंदाज बांधू नका. ‘एसएसएचडी’ला डॅश कॅपिटल टी हा पर्याय दिला की फाइलींमधून शेवटी लागू होणारी सगळी सेटिंग्ज तो छापतो. एनजिनएक्सलाही हाच पर्याय आहे, तो सगळ्या जोडफाइलींसकट पूर्ण कॉन्फिगरेशन दाखवतो.

दुसरी पायरी : हलण्याआधी सगळं टिपून ठेवा

ईटीसी फोल्डर गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवणारं ‘ईटीसीकीपर’ नावाचं छोटं टूल आहे. ते सगळ्या सर्व्हरांवर टाका. त्याने ऑटोमेशन होत नाही, पण आजपासून कुणी काय बदललं याची नोंद सुरू होते आणि पॅकेज टाकताना-काढताना आपोआप कमिटही होतं. या रिपॉझिटरीत पासवर्ड असलेल्या फाइलीही येतात, म्हणून ती बाहेर कुठल्या सामायिक जागी ढकलू नका.

बॅकअप आहे का, एवढंच विचारून थांबू नका. एका सर्व्हरचा बॅकअप रिकाम्या मशीनवर प्रत्यक्ष उतरवून बघा.

तिसरी पायरी : टूल निवडा, पण त्यात महिना घालवू नका

या क्षेत्राला मोठा इतिहास आहे. ऑस्लोमध्ये मार्क बर्जेस यांनी १९९३ साली सीएफइंजिन लिहिलं. २००५ मध्ये पपेट आलं, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट आणि २०१२ मध्ये ॲन्सिबल, जे २०१५ साली रेड हॅटने विकत घेतलं. सगळ्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : काय करायचं याच्या आज्ञा लिहिण्यापेक्षा शेवटी काय स्थिती हवी ते लिहायचं, आणि ती स्थिती आधीच असेल तर टूलने हात बांधून बसायचं. याला आयडेंपोटन्स म्हणतात. तेच काम दहा वेळा चालवा, निकाल एकच.

पपेटमध्ये प्रत्येक सर्व्हरवर एक एजंट बसतो आणि मूळ सेटिंगनुसार दर ३० मिनिटांनी मुख्य सर्व्हरला विचारून स्वतःला दुरुस्त करतो. ॲन्सिबलमध्ये एजंट नसतो. तुमच्या मशीनवरून एसएसएचने जाऊन ते काम करतं. समोरच्या सर्व्हरवर पायथन असलं की पुरे. हाताने सांभाळलेल्या सर्व्हरांसाठी मी ॲन्सिबल सुचवतो, आणि कारण साधं आहे : जिथे आधीच काय आहे हे कुणाला माहीत नाही तिथे आणखी एक सतत चालणारा प्रोग्राम बसवावा लागत नाही, आणि तुम्ही चालवाल तेव्हाच काही घडतं. शेकडो सर्व्हर असतील आणि ते स्वतःहून दुरुस्त व्हावेत असं वाटत असेल, तर पपेटचा विचार जरूर करा. पुढचं विवेचन ॲन्सिबलला धरून आहे.

जुन्या सर्व्हरांवर एक अडचण येते. ॲन्सिबल-कोरच्या २.१७ आवृत्तीपासून समोरच्या सर्व्हरवर पायथन २.७ किंवा ३.६ असेल तर चालत नाही. रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीतलं मूळ पायथन ३.६ आहे. अशा सर्व्हरांसाठी नियंत्रण मशीनवर, म्हणजे जिथून तुम्ही ॲन्सिबल चालवता तिथे, जाणूनबुजून जुनी आवृत्ती ठेवा, आणि तिचा आकडा गिटमध्ये लिहून ठेवा.

चौथी पायरी : सांगाडा

एक गिट रिपॉझिटरी उघडा. तिच्यात इन्व्हेंटरी, म्हणजे सर्व्हरांची गटवार यादी ठेवा. गट कामाप्रमाणे पाडा : वेब, डेटाबेस, मेल. याशिवाय ‘चाचणी’ आणि ‘प्रॉडक्शन’ (प्रत्यक्ष कामातले सर्व्हर) असे दोन गट आडवे छेद देऊन जातील. गटाला लागू असलेली मूल्यं गटाच्या फाइलमध्ये आणि एकाच सर्व्हरची मूल्यं त्या सर्व्हरच्या फाइलमध्ये लिहा. रोल, म्हणजे एका सेवेचं सगळं सामान एकत्र ठेवणारे फोल्डर, गरज पडेल तसे तयार करा. इंटरनेटवरून कुणाचा तयार रोल आणण्याचा मोह पहिल्या टप्प्यात आवरा. तो त्याच्या लेखकाच्या कल्पनेतला सर्व्हर घडवतो आणि तुम्हाला तर स्वतःचाच हुबेहूब उतरवायचा आहे.

ऑटोमेशनसाठी प्रत्येक सर्व्हरवर वेगळा युजर, वेगळी एसएसएच की आणि त्याला सुडोचा अधिकार द्या. माणसांच्या की वापरू नका, नाहीतर लॉग बघून माणूस कोण आणि टूल कोण हे कळत नाही. मग ‘पिंग’ मोड्यूल चालवा. मोड्यूल म्हणजे एकेक प्रकारचं काम करणारा ॲन्सिबलचा तयार भाग. नाव पिंग असलं तरी ते नेटवर्कचं पिंग नव्हे. लॉगिन होतंय आणि पायथन सापडतंय हे ते तपासतं. सगळीकडून ‘पाँग’ आलं की पुढे चला.

पाचवी पायरी : पहिली सेवा ‘जैसे थे’ उतरवा

वेळ जुळवणारी सेवा, म्हणजे क्रोनी, सुरुवातीला उत्तम. ती सगळीकडे असते, छोटी असते आणि रीस्टार्ट झाली तर कुणाचं काही बिघडत नाही.

‘फेच’ मोड्यूलने प्रत्येक सर्व्हरवरची क्रोनीची फाइल तुमच्या मशीनवर आणा. त्या शेजारी शेजारी ठेवून फरक बघा. समजा बारा सर्व्हरांपैकी नऊंची फाइल सारखी निघाली, दोनांमध्ये टाइम सर्व्हर वेगळा आहे आणि एकात एक जास्तीची ओळ आहे. इथे हात शिवशिवतात, सगळं एकसारखं करून टाकावंसं वाटतं. करू नका. नऊंची फाइल मूळ धरा, दोनांचा वेगळा टाइम सर्व्हर त्यांच्या स्वतःच्या मूल्यांच्या फाइलमध्ये लिहा, आणि ती जास्तीची ओळही कोडमध्ये आणून तिच्यावर टिप्पणी लिहा : कारण अज्ञात, विचारायचं आहे. असा प्रत्येक फरक हा कुणाला तरी विचारायचा एक प्रश्न आहे. कदाचित ते दोन सर्व्हर वेगळ्या नेटवर्कमध्ये असतील आणि नेहमीचा टाइम सर्व्हर त्यांना दिसतच नसेल.

सुरुवातीला फाइल अक्षरशः जशीच्या तशी ‘कॉपी’ मोड्यूलने लिहा, रिकाम्या ओळींसकट. मग तिचं टेम्प्लेट करा, म्हणजे बदलत्या मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवलेला साचा. एका स्पेसचा फरक पडला तरी टूल त्याला बदल समजतं आणि सेवा रीस्टार्ट करतं.

मग प्लेबुक, म्हणजे कोणत्या सर्व्हरांवर कोणती कामं करायची ते लिहिलेली फाइल, ‘चेक’ आणि ‘डिफ’ हे दोन्ही पर्याय देऊन चालवा. चेकमुळे प्रत्यक्षात काही बदलत नाही, डिफमुळे काय बदललं असतं ते ओळीओळीने दिसतं. दाखवलेला प्रत्येक फरक म्हणजे तुमच्या कोडची चूक आहे, सर्व्हरची नव्हे, असं धरून कोड दुरुस्त करा. फाइलीचा मालक, गट, परवानग्या हेही जुळले पाहिजेत. सगळ्या सर्व्हरांवर ‘बदल शून्य’ आलं की चेक काढून एकदा खरोखर चालवा. आता ती सेवा कोडच्या ताब्यात आली, आणि सर्व्हरला त्याचा पत्ताही लागला नाही.

चेकवर आंधळा विश्वास मात्र नको. ‘कमांड’ आणि ‘शेल’ या मोड्यूलांनी लिहिलेली कामं चेकमध्ये सहसा वगळली जातात, त्यामुळे ती काय करतील हे त्यात दिसत नाही. शिवाय ती स्वतःहून आयडेंपोटंट नसतात, दरवेळी चालतात आणि दरवेळी ‘बदल झाला’ असं सांगतात. पॅकेज, युजर, फाइल, क्रॉन, सेवा या प्रत्येकासाठी स्वतंत्र मोड्यूल आहे, तेच वापरा. नाइलाजच झाला तर ‘क्रिएट्स’ या पर्यायात एखाद्या फाइलचं नाव द्या, म्हणजे ती फाइल आधीच असेल तर आज्ञा चालणार नाही.

नवख्यांना हमखास अडकवणाऱ्या आणखी काही गोष्टी. यॅमलमध्ये, म्हणजे प्लेबुक ज्या स्वरूपात लिहितात त्यात, इंडेंटसाठी टॅब चालत नाही, फक्त स्पेस. परवानग्या लिहिताना सुरुवातीचं शून्य सोडू नका आणि आकडा अवतरणात ठेवा. नुसतं ६४४ लिहिलं तर ते दशमान समजलं जातं, त्याचं अष्टमान १२०४ होतं आणि मालकालाच स्वतःची फाइल वाचता येत नाही. एक ओळ बदलणारं ‘लाइनइनफाइल’ मोड्यूल सोपं वाटतं, पण त्याला दिलेला शोध-नमुना जुन्या आणि नव्या दोन्ही ओळींना जुळला पाहिजे. नाहीतर मूल्य बदलाल तेव्हा जुनी ओळ तशीच राहून तळाशी नवी ओळ चिकटते. चार-पाच ओळींच्या वर हात लावायचा असेल तर पूर्ण फाइलचं टेम्प्लेटच करा. पॅकेजची स्थिती ‘प्रेझेंट’ लिहा. ‘लेटेस्ट’ लिहिलंत तर साध्या सेटिंगसाठी चालवलेलं प्लेबुक एखाद्या दिवशी अचानक डेटाबेसची आवृत्ती वर नेईल.

आणि हे नीट लक्षात घ्या : प्लेबुकमधून एखादं काम खोडलं म्हणून सर्व्हरवरची ती गोष्ट जात नाही. ॲन्सिबल लिहिलेलं तेवढंच बघतं. क्रॉनची नोंद काढायची असेल तर तिची स्थिती ‘ॲबसेंट’ करा, सगळीकडे चालवा, आणि मगच ते काम कोडमधून खोडा.

सहावी पायरी : स्वतःला बाहेर कोंडून घेऊ नका

एसएसएच, सुडो आणि फायरवॉल या तिघांना हात लावताना क्रम बदला. टेम्प्लेटला ‘व्हॅलिडेट’ हा पर्याय असतो : नवी फाइल जागेवर बसवण्याआधी दिलेली तपासणी चालवायची, नापास झाली तर जुनी फाइल तशीच ठेवायची. सुडोसाठी ‘व्हीआयसुडो’चा चेक पर्याय, एसएसएचसाठी ‘एसएसएचडी’चा डॅश स्मॉल टी. या दोन फाइलींसाठी व्हॅलिडेट नसलेला कोड रिपॉझिटरीत घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

व्हॅलिडेट व्याकरण तपासतं, शहाणपण नाही. व्याकरणाने अचूक फाइलही तुम्हाला बाहेर काढू शकते. म्हणून बदल चालवण्याआधी त्या सर्व्हरवर दुसरं लॉगिन उघडं ठेवा, आणि बदलानंतर तिसरं नवं लॉगिन होतंय का बघा. ते झाल्यावरच उघडं ठेवलेलं बंद करा. फायरवॉलसाठी एवढंही पुरत नाही. दहा मिनिटांनी जुने नियम परत आणणारं एक काम ‘ॲट’ने आधी लावून ठेवा, मग नवे नियम चढवा, आणि आत जाता आलं तर ते काम रद्द करा.

सातवी पायरी : पासवर्ड

‘जैसे थे’ उतरवताना फाइलींमधले पासवर्डही कोडमध्ये येतात. ते उघडे कमिट करू नका, तात्पुरतेही नाही. पुढच्या कमिटमध्ये खोडले तरी गिटच्या इतिहासात ते राहतातच. ॲन्सिबल व्हॉल्ट एईएस-२५६ ने मूल्यं कूटबद्ध करतं, सुरुवातीला ते पुरेसं आहे. पण डिफचा पर्याय टेम्प्लेटमधला उलगडलेला पासवर्ड स्क्रीनवर आणि लॉगमध्ये छापतो. ज्या कामात गुपित आहे त्याला ‘नो लॉग’ लावा.

आठवी पायरी : रिकाम्या मशीनवर परीक्षा

‘बदल शून्य’ याचा अर्थ कोडमध्ये जे लिहिलंय ते सर्व्हरवर आहे, एवढाच. सर्व्हरवर जे आहे ते सगळं कोडमध्ये आलं, हे त्यातून सिद्ध होत नाही. ते तपासायचा एकच खात्रीचा मार्ग मला माहीत आहे : त्याच वितरणाचं कोरं व्हर्च्युअल मशीन घ्या, त्यावर प्लेबुक सुरुवातीपासून चालवा, आणि पहिल्या पायरीतल्या सगळ्या याद्या जुन्या व नव्या मशीनवर काढून ताडून बघा. पॅकेजं, सेवा, पोर्ट, क्रॉन, युजर. पहिल्या खेपेला प्लेबुक मध्येच अडकेल, कारण जुन्या सर्व्हरवर आधीच असलेलं फोल्डर किंवा युजर तुम्ही गृहीत धरलेला असतो. ते भरा, मशीन फेकून द्या, पुन्हा कोऱ्या मशीनपासून सुरू करा. शेवटी नवं मशीन रीबूट करून बघा. मग लगेच दुसऱ्यांदा प्लेबुक चालवा. त्या खेपेला एकही बदल दिसला, तर कुठलं तरी काम आयडेंपोटंट नाही.

एवढं जमलं की सुधारणा सुरू करा. प्रत्येक सुधारणा एका कमिटमध्ये, दुसऱ्या कुणीतरी वाचून मग चालवलेली.

नववी पायरी : प्रॉडक्शनवर सावकाश

ॲन्सिबल मूळ सेटिंगनुसार पहिलं काम गटातल्या सगळ्या सर्व्हरांवर पुरं करतं आणि मग दुसऱ्या कामाकडे वळतं. एका वेळी पाच सर्व्हरांवर चालतं, पण त्याने संरक्षण मिळतं असं समजू नका. चुकीचं काम सगळ्यांवर पोहोचल्यावरच पुढचं सुरू होतं. ‘सीरियल’ लावून आधी एक, मग तीन, मग उरलेले असे टप्पे पाडा. ‘लिमिट’ने एकाच सर्व्हरवर चालवणं ही पहिली सवय लावून घ्या.

हँडलरची एक खोच इथे सांगायलाच हवी. फाइल बदलली की हँडलर सेवा रीस्टार्ट करतो, पण ते सगळी कामं संपल्यावर. समजा फाइल बदलली, आणि नंतरचं दुसरंच काम फसलं. रन थांबतो, हँडलर चालत नाही. तुम्ही चूक दुरुस्त करून पुन्हा चालवता तेव्हा फाइल आधीच बदललेली असते, म्हणून हँडलरला कुणी हाकच मारत नाही. सगळं हिरवं दिसतं आणि सेवा जुन्याच कॉन्फिगरेशनवर चालत राहते. ‘फोर्स हँडलर्स’ हा पर्याय चालू ठेवा, आणि फसलेल्या रननंतर सेवा कधी सुरू झाली ती वेळ बघा.

दहावी पायरी : पुन्हा हाताने बदलणं थांबवा

इथे तंत्रापेक्षा माणसांचा प्रश्न आहे. रात्री सर्व्हर पडला, कुणीतरी आत शिरून फाइल बदलली, सर्व्हर उठला, आणि सकाळी सगळे कामाला लागले. ये रे माझ्या मागल्या. पुढच्या आठवड्यात प्लेबुक चालतं, तो बदल पुसला जातो आणि सर्व्हर त्याच कारणाने पुन्हा पडतो. मग ऑटोमेशनवरच खापर फुटतं.

आणीबाणीत हाताने बदलायला बंदी घालू नका, ती पाळली जाणार नाही. त्याऐवजी एवढंच ठरवा : बदल करणाऱ्याने तो त्याच दिवशी कोडमध्ये आणायचा किंवा मागे घ्यायचा. प्रत्येक टेम्प्लेटच्या माथ्यावर ‘ही फाइल ॲन्सिबल लिहितं, इथे केलेला बदल पुसला जाईल’ अशी टिप्पणी घाला आणि रिपॉझिटरीचा पत्ता द्या. पण ‘बदल शून्य’ आल्यानंतरच, कारण ती टिप्पणी हाच एक बदल आहे आणि तिने सेवा रीस्टार्ट होईल. शिवाय रोज पहाटे सगळ्या प्रॉडक्शनवर प्लेबुक चेकमध्ये चालवून निकाल टीमला पाठवा. कुठे फरक दिसला तर त्या दिवशी एका माणसाने तो सोडवायचा. हा रोजचा अहवाल आठवडाभर कुणी वाचला नाही तर तो बंद पडल्यात जमा आहे, म्हणून त्याची जबाबदारी नावाने द्या.

कोणते सर्व्हर या वाटेवर आणायचे नाहीत, हेही ठरवून टाका. तीन महिन्यांत बंद होणाऱ्या सर्व्हरची पहिल्या पायरीतली यादी आणि तपासलेला बॅकअप एवढं पुरे. वितरणाचा आधारच संपलेला असेल तर तिथे ‘जैसे थे’ उतरवण्यापेक्षा कोड नव्या वितरणासाठी लिहा आणि काम तिकडे हलवा. डेटाबेस सर्व्हर सर्वांत शेवटी घ्या. त्यांच्या रोलमध्ये सेवा रीस्टार्ट करणारा हँडलर ठेवू नका. कॉन्फिगरेशन कोड लिहील, रीस्टार्ट मात्र माणूस ठरलेल्या वेळी करील.